ओला बोरा

बाबा रोज सकाळी बूट घालण्याआधी ते उलटे करून तळ तपासत. कुठे खिळा वर आलेला नाही ना, एखादा खडा रुतलेला नाही ना, हे अंगठ्याने चाचपून पाहत आणि मगच पाय आत घालत. जवाहरनगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये दिवस या बूटतपासणीने उजाडायचा. कारखान्याचा भोंगा त्यानंतर वाजायचा. बाबा ज्या इमारतीत काम करत तिथे बारूद हाताळली जायची. तिथे ठिणगी उडाली तर काय होईल हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही, पण त्या न उडालेल्या ठिणगीचा आमच्या घरात एखाद्या वडीलधाऱ्या माणसासारखा मान होता. थंडीत स्वेटर झटक्यात काढायचा नाही. नायलॉनची साडी नेसून गॅसजवळ जायचं नाही. आईने हौसेने घेतलेली एक निळी नायलॉनची साडी शेवटी कोंढ्याला मामीकडे गेली ती यापायीच, आणि मामी दर लग्नात तीच साडी नेसून आईसमोर यायची.

जेवताना बाबा इमारतीतल्या गोष्टी सांगत. ताटात तांदळाची भाकर, लाखोरीच्या डाळीचं वरण, अंबाडीची भाजी, आणि वर बाबांचे नियम. दाराशी तांब्याची पट्टी बसवलेली असते, तिला उघड्या हाताने स्पर्श केल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, म्हणजे अंगातली वीज जमिनीत जाते. हवा कोरडी पडू द्यायची नाही, फरशी ओली ठेवायची. आणि कोणाच्या हातून काही पडलं, सांडलं, तर त्याने जागचं हलायचं नाही. हात वर करायचा आणि मोठ्याने म्हणायचं, माझ्याकडून झालं. मग सगळे थांबतात. पडलेली वस्तू लपवणाऱ्या माणसाबद्दल बाबा फार वाईट बोलत. माझ्या हातून घरात कपबशी फुटली की मी तुकडे गोळा करायच्या आधी हात वर करून उभी राहायचे आणि आई हसून म्हणायची, हे घर आहे का इमारत. आज माझ्या ऑफिसात कोणाच्या चुकीने सर्व्हर बंद पडला की मीटिंगमध्ये सगळे टेबलाकडे बघत बसतात, तेव्हा मला ते वर केलेले हात आठवतात.

कॉम्प्युटर आमच्याकडे आला तो थंडी सुरू होताना. आमच्या ब्लॉकमधला तो पहिलाच. तो दीपकदादाने जोडला होता. दीपकदादा समोरच्या जिन्यात राहायचा. त्याचे वडील बाबांच्याच पाळीला, त्याच बसने जायचे. त्याची आई, सुशीलाकाकू, आणि माझी आई यांच्यात एक स्टीलचा डबा कायम फिरता असायचा. आमच्याकडून लाखोरीचे वडे गेले की तिकडून कोथिंबिरीची सांभारवडी यायची. रिकामा डबा परत करायचा नाही असा दोघींचा अलिखित करार होता. दीपकदादाने नागपूरला हार्डवेअरचा कोर्स केला होता आणि वसाहतीबाहेर, रस्त्यालगत एक छोटी खोली दुकानासाठी बघून ठेवली होती. पाटीसुद्धा रंगवून घरात पलंगाखाली ठेवलेली होती. आमचा कॉम्प्युटर हा त्याच्या हातचा पहिला. आणखी काही घरांनी त्याला सांगून ठेवलं होतं, की सुजूकडचा, म्हणजे माझ्याकडचा, कसा चालतो ते बघू आणि मग आमचाही जोड. तेव्हा आमच्या बैठकीत दिवाणाशेजारी ठेवलेल्या त्या पांढऱ्या डब्यावर दीपकदादाचं दुकान उभं राहायचं होतं, आणि हे ब्लॉकमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

दीपकदादाने दिवाणावर वर्तमानपत्र पसरून सगळे भाग जोडले. बाबा स्टूल घेऊन शेजारी बसले होते. मेमरीची पट्टी हातात घेण्याआधी दीपकदादाने लोखंडी डब्याला हात लावला आणि सांगितलं, की काकाजी, अंगातली वीज पहिले काढाव लागते, नाहीतर पार्ट मरते. झालं. बाबांचा चेहरा असा खुलला की मला तो आजही दिसतो. तोवर ते त्या यंत्रापुढे जरा दबून बसले होते, एकाएकी त्यांना ते आपल्याच खात्यातलं निघालं. त्यांनी दीपकदादाला तांब्याच्या पट्टीबद्दल सांगितलं, फरशीबद्दल सांगितलं, आणि तोही मान डोलावत ऐकत राहिला. मोठ्या माणसाला थांबवायचं नसतं, म्हणून ऐकत राहिला. तिथेच सगळं बिनसलं, असं मी पुढे कितीदा तरी मनाशी म्हटलं आहे.

दुसऱ्याच दिवशी बाबांनी कॉम्प्युटरच्या टेबलाखाली एक बोरा आणून अंथरला. आमच्याकडे पोत्याला बोरा म्हणतात. कोंढ्याहून मामाने तांदूळ पाठवला होता त्याचा तो रिकामा बोरा. बाबांनी तो बादलीत बुडवला, पिळला आणि डब्याच्या बरोबर खाली पसरला. थंडीत हवा कोरडी असते, कोरड्या हवेत वीज साचते, तेव्हा भोवतालची हवा ओली ठेवायची. साधी गोष्ट. सकाळी पाळीला जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर ते बोरा ओला करत. दुपारी बोरा वाळून गेला की ते काम माझ्याकडे यायचं आणि मीही ते इमानदारीने करायचे. मी अकरावीत होते, सायन्सला होते, लोखंड गंजतं म्हणजे काय होतं ते मला समीकरणासकट पाठ होतं. पण बाबांचा बोरा आणि पुस्तकातलं लोखंड यांची माझ्या डोक्यात कधी गाठच पडली नाही. डब्याच्या पोटात एक पंखा फिरतो आणि तो खालची हवा आत ओढतो, हेही मला दिसत होतं. उलट त्या गार वाऱ्याचं मला कौतुकच वाटायचं.

आईला मात्र त्या बोऱ्याची लाज वाटायची. बैठकीत ओलं पोतं, त्याला तो कुबट वास. दारावर कोणाची थाप पडली की आई आधी बोरा ओढून न्हाणीघरात टाकायची आणि मग कडी काढायची. दीपकदादा अधूनमधून यायचा, कॉम्प्युटर कसा आहे विचारायचा, चहा प्यायचा. त्याला एकदाही तो बोरा दिसला नाही. आमच्या तिघांच्या हातून मिळून झालं ते असं. बाबांनी ठेवला, मी भिजवला, आईने लपवला.

थंडी सरताना बाजारातल्या पोपटाच्या शेंगा संपत आल्या तेव्हा कॉम्प्युटर अडखळू लागला. लिहिता लिहिता जागीच थिजायचा. कधी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. दीपकदादाने पाहिलं आणि सांगितलं की सिस्टिम बिघडली आहे, सगळं पुसून ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकावी लागेल, तासाभराचं काम आहे. रविवारी विहारातली वंदना आटोपून तो आला. बोरा अर्थातच न्हाणीघरात गेलेला होता. नवीन सिस्टिम टाकताना बघायची म्हणून ब्लॉकमधली माणसं जमली. ज्यांनी कॉम्प्युटर सांगून ठेवले होते तेही त्यात होते. आईने पोह्यांची मोठी कढई चढवली. दीपकदादाने सीडी घातली, निळ्या पडद्यावर पिवळी पट्टी पुढे सरकू लागली, आणि माणसं ती क्रिकेटच्या धावांसारखी मोठ्याने वाचू लागली. पट्टी अर्ध्याच्याही अलीकडे थांबली. अमुक फाइल कॉपी करता येत नाही, असं इंग्रजीत आलं. दीपकदादाने पुन्हा प्रयत्न करायचं बटण दाबलं, तर सगळा पडदा निळा झाला आणि त्यावर पांढऱ्या आकड्यांच्या ओळी उमटल्या.

त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी पट्टी जरा पुढे गेली आणि दुसऱ्याच फाइलीवर अडली. त्याने सीडी काढून साबणाच्या पाण्याने धुतली, बनियनला पुसली आणि पुन्हा घातली. मग घरून दुसरी सीडी आणली. मग सीडी वाचणारा ड्राइव्हच बदलून पाहिला. दर वेळी पडदा निळा, आणि दर वेळी अडण्याची जागा निराळी. आता मला कळतं की जागा दर वेळी बदलते आहे हाच मोठा पुरावा होता. सीडी खराब असती तर गाडी एकाच ठिकाणी अडली असती. जागा बदलते म्हणजे आतली मेमरी डगमगते आहे. त्यालाही ते एरवी सुचलं असतं. पण पाठीमागे सगळा ब्लॉक उभा असताना आणि पोह्यांच्या बशा हातात घेऊन लोक गप्प होत चाललेले असताना कोणाचं डोकं चालणार. त्याचे कान लाल झाले होते. एकेक माणूस काहीतरी काम आठवून निघून गेला. शेवटी तोही निघाला, उद्या बघतो म्हणाला. पोहे त्याने तोंडातही घातले नव्हते.

दार लागल्यावर बाबा आईला म्हणाले, "जुना माल भरला असन यानं. वरून डबा नवा, आत सारा जुना माल."

घरात बोलले असते तर एक वेळ ते भिंतीतच राहिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर कोणीतरी विचारलं आणि बाबांनी तेच वाक्य तिथे म्हटलं. कारखान्याच्या बसमध्ये ज्याची त्याची जागा ठरलेली असते, वर्षानुवर्षं माणसं त्याच जागेवर बसतात, आणि पुढच्या सीटवर बोललेलं मागच्या सीटवर पोचायला एक वळणही लागत नाही. त्यात बाबा कमी बोलणारे. फालतू बोलणाऱ्याचं लोक अर्धं सोडून देतात, पण बाबांचं वाक्य त्यांनी आख्खं घेतलं. दीपकदादाचे वडील त्याच बसमध्ये, बाबांच्या मागे दोन सीट सोडून बसलेले होते. त्या आठवड्यात आमचा डबा सुशीलाकाकूंकडून परत आला, घासूनपुसून लख्ख, आणि रिकामा. आई तो ओट्यावर ठेवून बराच वेळ बघत राहिली. ज्यांनी कॉम्प्युटर सांगून ठेवले होते ते नागपूरला जाऊन दुकानातून घेऊन आले. रस्त्यालगतच्या त्या खोलीत पंक्चरवाला बसला.

दीपकदादा आला तो एका दुपारी, न सांगता. आई विहारात महिला मंडळाच्या कामाला गेली होती. मी नुकताच बोरा भिजवून अंथरला होता आणि दार उघडंच होतं. तो म्हणाला की एक गोष्ट बघायची राहून गेली आहे, मेमरी काढून पाहतो. टेबलाकडे जाता जाता त्याचा पाय बोऱ्यावर पडला. त्याने पाय उचलून ओल्या तळव्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. बोऱ्याचं टोक चिमटीत धरून त्याने तो उचलला, त्यातून पाणी ठिबकलं. डब्याचं बाजूचं झाकण उघडलं. आतले स्क्रू तांबूस झाले होते, आणि मेमरीच्या पट्टीचे जे सोनेरी दात असतात त्यांच्यावर हिरवट थर चढला होता.

"बोरा कोण ठेवते?" त्याने शेवटी विचारलं. मी सांगितलं, बाबा ठेवतात, वीज साचू नये म्हणून. तो खाली फरशीवर बसला. मला वाटलं आता हा ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने माझ्या कंपासपेटीतला खोडरबर मागितला आणि मेमरीचे दात एकेक करून पुसू लागला, शाळेतलं पोर चुकलेलं अक्षर खोडतं तसा, दमाने. पुसून पट्टी पुन्हा बसवली, सीडी घातली. पिवळी पट्टी सरकत सरकत अर्ध्यापर्यंत गेली, पुढे गेली, आणि शेवटपर्यंत गेली. पडद्यावर नवी सिस्टिम उघडली तेव्हा तिचं छोटंसं संगीत वाजलं. ते संगीत नंतर मी हजारदा ऐकलं असेल, पण ते मला कधीही आनंदाचं वाटलेलं नाही.

"काकाजीले सांगू नोको, सुजू," तो म्हणाला. "मेमरी खराब होती, मी बदलून देल्ली, असंच सांगतो मी. त्याईले लय लागन."

दारात आई उभी होती. तिने बोरा पाहिला, उघडा डबा पाहिला, आणि तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "नाई बापा. त्याईच्या हातून झालं त त्याईलेच सांगाव लागन. अन् बोरा त मीच लपवत होतो तुह्यापासून." दीपकदादा हात जोडल्यासारखा करून निघून गेला. चहाला थांबला नाही.

संध्याकाळी बाबा आले. कॉम्प्युटर सुरू होता. त्यांनी तो पाहिला आणि खूश होऊन म्हणाले, "बदलला ना त्यानं माल?" आईने बोरा दोरीवर वाळत टाकला होता. ती म्हणाली की माल तोच आहे, आणि सगळं सांगितलं. कमी शब्दांत, आवाज न चढवता. बाबांनी मला ती मेमरी दाखवायला सांगितली. मी कॉम्प्युटर बंद करून डबा उघडला; दात पुसलेले होते, पण स्क्रू तांबूसच होते. ते वाकले, पण हात लावला नाही, हात पाठीशी धरून पाहत राहिले. मग न्हाणीघरात जाऊन कितीतरी वेळ हातपाय धूत होते. जेवायला बसले आणि भाकरीचा तुकडा मोडून तसाच ताटात ठेवून उठले. माझ्या आठवणीत आमच्या घरी बाबांनी ताट टाकलेलं ते एकदाच.

पुढचं मी पाहिलेलं नाही. दीपकदादाच्या वडिलांनी ते आईला सांगितलं आणि आईने मला. दुसऱ्या दिवशी बस निघाली आणि बाबा आपल्या जागेवर बसले नाहीत. मधल्या जागेत उभे राहिले, वरचा दांडा सोडला आणि इमारतीत करतात तसा हात वर केला. सगळी बस गप्प झाली, कारण हात वर झाला की गप्प व्हायचं हे त्या माणसांच्या अंगात मुरलेलं होतं. बाबा म्हणाले, "माह्याकडून झालं. दीपकचा माल चांगला होता. मीच त्याच्याखाली ओला बोरा ठेवत होतो." आणि मग गाडी खड्ड्यात आदळली तसे ते धडपडले, दीपकदादाच्या वडिलांनीच त्यांना दंडाला धरून बसवलं.

लोक हसले. वाईट मनाने नाही, पण हसले. ओला बोरा ही गोष्ट त्या बसमध्ये पुढे कितीतरी वर्षं चालली, नवीन माणूस कामाला लागला की त्याला सांगितली जायची. बाबाही त्या हसण्यात सामील व्हायचे. पण हसून झाल्यावर कोणी दीपकदादाकडे कॉम्प्युटर सांगायला गेलं नाही, कारण प्रत्येकाकडे नागपूरचा कॉम्प्युटर आधीच आलेला होता, आणि खोलीत पंक्चरवाल्याची हवा भरायची मशीन सुरू होती. पहिलं वाक्य बसमधून सगळीकडे गेलं, दुसरं मात्र बसमध्येच राहिलं. बसमध्ये हात वर केला त्याच संध्याकाळी बाबा दीपकदादाच्या घरी गेले. मी सोबत होते. त्यांनी जे बोलायचं ठरवलं होतं ते त्यांना नीट बोलता आलं नाही. "तुह्या धंद्याच्या आड मीच आलो, बाबू," एवढंच म्हणाले. दीपकदादा म्हणाला, जाऊ द्या काकाजी, मले नागपूरले नोकरी लागली आहे. पलंगाखालून त्या पाटीची कड दिसत होती. बाबांनाही ती दिसली असणार, कारण तिथून उठेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. निघताना सुशीलाकाकूंनी आईसाठी डबा दिला. तो भरलेला होता, आणि त्याचं वजन हातात घेताना मला रडू आलं.

त्या दिवसानंतर बाबांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. मी इंजिनिअरिंगला गेले, याच धंद्यात पडले, मशीन बिघडलं की पहिला विचार मेमरीचा करते, आणि माझ्या टेबलाच्या खणात आजही एक खोडरबर असतो. हाताखालच्या पोरांना त्याची गंमत वाटते, मी त्यांना ही गोष्ट सांगितलेली नाही. तो बोरा आईने धुऊन वाळवून कोंढ्याला परत पाठवला. दीपकदादाचं नागपुरात तसं बरं चाललं आहे. बायको आहे, मुलं आहेत. दुसऱ्यांच्या दुकानात दुसऱ्यांच्या मशीन दुरुस्त करतो. स्वतःचं दुकान त्याने कधी काढलं नाही. एकदा मी विचारलं होतं, तेव्हा म्हणाला की राहून गेलं.

बाबा निवृत्त होऊन आता भंडाऱ्याला राहतात. आई गेल्यावर मी त्यांना मोबाइल घेऊन दिला. सुरुवातीला दोन्ही हात मागे धरून ते त्याच्याकडे पाहत, मी पुढे धरला की वाकून बोलत. हळूहळू शिकले. आता सगळं येतं त्यांना, व्हिडिओ कॉल करतात, विजेचं बिल भरतात, शेजाऱ्यांना शिकवतातसुद्धा. फक्त एक गोष्ट करत नाहीत. फोनमध्ये नवी सिस्टिम आली, इन्स्टॉल करायची का, असं विचारणारी पाटी आली, की बाबा ती दाबत नाहीत. आधी नागपूरला फोन लावतात. दीपक, अपडेट आला आहे, दाबू का? तिकडून उत्तर येतं, दाबा काकाजी. मग दाबतात. आधी मला वाटायचं, म्हातारपणाची भीती आहे.

परवा मी गेले होते तेव्हाही ती पाटी आली. बाबांनी फोन लावला, दीपकदादाने उचलला नाही, कामात असेल. मी म्हटलं आणा, मी करून देते. ते नको म्हणाले. मी जरा चिडूनच विचारलं, "बाबा, तुमाले सारं येते. मंग दर खेपेले त्याले काहून विचारता?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. "तवा नाई विचारलं ना, माय," ते म्हणाले. मग फोन टेबलावर ठेवून, दोन्ही हात मांडीवर घेऊन, ते दीपकदादाच्या फोनची वाट पाहत बसले.